नळातला दगड

१

दहा हजार लिटरचा टँकर. पाण्याचा जडपणा लिटरमागे ६०० मिलिग्रॅम. म्हणजे एका टँकरात सहा किलो दगड विरघळलेला. पाणी मात्र नितळ दिसतं.

२

नव्या फ्लॅटच्या जाहिरातपत्रकात पोहण्याचा तलाव असतो, जिम असते, ज्येष्ठांसाठी कट्टा असतो, लिफ्टचा ब्रँड असतो. नळांचा ब्रँड तर ठळक अक्षरांत. त्या नळांतून येणाऱ्या पाण्याचा जडपणा किती, हा आकडा नसतो. पुण्याच्या पूर्वेकडची बरीच पत्रकं चाळली, एकातही सापडला नाही. मला तो कार्पेट एरियाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची वीस वर्षं घरातला प्रत्येक नळ, गिझर आणि वॉशिंग मशीन त्या आकड्याप्रमाणे चालणार असतं.

३

जिन्याखाली जुन्या जी.आय. लाइनीचा कापून काढलेला तुकडा पडला होता. अर्धा इंची, वीतभर लांब. बाहेरून ठणठणीत, जस्ताचा मुलामाही बऱ्यापैकी शाबूत. आतून बघितलं तर पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट उरलेली. एल्बोच्या तोंडाशी तीही नाही.

थर नखाने खरवडत नाही. पेचकसाने टोकरला की खवले पडतात : पांढरा, मग तांबूस, मग पुन्हा पांढरा. तांबूस तो गंज, पांढरा तो चुनखडीचा. खवल्यावर लिंबू पिळलं, तर बारीक फसफसलं.

प्लंबर म्हणाला, “लोक सांगतात, ताई, प्रेशर येत नाही, पंप बसवा. पंप कशाला? वाटच नाही तर पाणी जाणार कुठून?”

४

पावसाचं पाणी मृदू असतं. जमिनीत मुरताना ते मुळांच्या आणि जंतूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. असं पाणी खडकात वर्षानुवर्षं राहिलं की खडक थोडाथोडा विरघळतो. आपल्याकडे चुनखडकाचे डोंगर फारसे नाहीत, तरी पाणी जड का, असं मला बरेच जण विचारतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर उभा आहे. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांतच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. शिवाय लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे कॅल्साइट भरलं. विहीर खणताना असा पोकळ्यांचा खडक, मांजऱ्या, लागतो, त्यातले पांढरे ठिपके पाहावेत.

गिझरमध्ये हे सगळं उलटं होतं. पाणी तापतं, वायू निघून जातो, आणि वायूच्या आधाराने विरघळलेला दगड पुन्हा दगड होतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेट कमी. म्हणून थंड पाण्याच्या लाइनीपेक्षा गरम पाण्याची लाइन आधी चोकअप होते.

५

भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) : पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल.

‘दुसरा स्रोत नसेल तर.’ आमच्या भागात कित्येक वर्षं याच सवलतीवर चाललं आहे.

६

साधा हिशेब. घरात रोज १०० लिटर गरम पाणी. जडपणा ३००. रोज ३० ग्रॅम. वर्षाला जवळजवळ ११ किलो दगड गिझरमधून जातो. सगळा काही आत बसत नाही, बराचसा बादलीत आणि तिथून मोरीत जातो. पण त्यातला थोडासाच बसला तरी कॉइल झाकायला पुरतो.

७

गिझर उघडताना समोर बसून पाहिलं. आधी खालचं झाकण काढलं, तर पाण्याबरोबर ओंजळभर पांढरे तुकडे पडले, अंड्याच्या कवचासारखे पातळ आणि वळलेले. ते कॉइलवरून सुटलेले. कॉइल तापते, फुगते, गार होते, आकसते, आणि थर तडकून गळतो. मग नवा बसतो. शेजारची मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणून लावलेली असते, तिची फक्त तार राहिली होती.

गिझर कडकड, गुडगुड आवाज करतो, तो या थराखाली अडकलेलं पाणी उकळतं त्याचा. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. वीजबिल त्याआधीच वाढलेलं असतं.

तापमान ७५ वरून ५० ते ५५ वर आणलं की थर बसण्याचा वेग कमी होतो. खर्च काही नाही. थर्मोस्टॅटचा स्क्रू फिरवायला दोन मिनिटं पुरतात.

८

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. क्लोरीनने जंतू मरतात, जडपणा तसाच राहतो.

९

स्वयंपाकाच्या मावशी मूळच्या परभणीकडच्या. तूरडाळ त्या पिण्याच्या पाण्यातच लावतात, नळाच्या पाण्यात नाही. “बोअरच्या पाण्यात डाळ मोडत नाही हो.” कारण असं : डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने धरलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. शिट्ट्या वाढतात, गॅस वाढतो. सोडा घातला की डाळ मऊ होते, पण त्यातलं ‘ब१’ जीवनसत्त्व जातं. मावशींचा उपाय सर्वांत चांगला.

१०

दारावर आलेल्या विक्रेत्याच्या बॅगेत दोन सळ्यांचं यंत्र होतं. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आर.ओ.चं. सळ्या बुडवून वीज सोडली. आमचं पाणी क्षणात गढूळ-तपकिरी झालं, त्याचं तसंच राहिलं. शेजारच्या आजी घाबरून म्हणाल्या, “हे आम्ही इतकी वर्षं पीत होतो?”

तो रंग पाण्यातला नाही, सळीतला आहे. लोखंडाची सळी विजेने झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते. आर.ओ.च्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून सळी झिजत नाही. त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगावं आणि प्रयोग पुन्हा करायला लावावा. तेही पाणी तपकिरी होतं.

घाबरवून विकलेल्या वस्तूचा मला राग येतो, वस्तू उपयोगी असली तरी.

११

टी.डी.एस. मीटर जडपणा मोजत नाही. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार सोडियमचे की कॅल्शियमचे, हे त्याला कळत नाही. मीटरवर ५०० दाखवणारी दोन पाणी असू शकतात : एकात गिझर वर्षानुवर्षं चालतो, दुसऱ्यात दोन हिवाळे काढत नाही.

१२

जडपणा मोजण्याची खरी रीत पाहायला सुंदर आहे. नमुन्यात निर्देशकाचे दोन थेंब टाकले की पाण्याला जांभळट लाल रंग येतो, द्राक्षाच्या रसाचा. वर ब्युरेट, त्यातून ई.डी.टी.ए.चं द्रावण थेंबथेंब पडतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला एकेक करून धरत जातं. बराच वेळ काही घडत नाही. मग एका थेंबाला रंग जांभळा होतो, पुढच्या थेंबाला स्वच्छ निळा. तिथे थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. झ्युरिकच्या गेरोल्ड श्वार्त्सेनबाखने १९४० च्या दशकात ही रीत बसवली. आजही जगभर तीच वापरतात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बाटली त्याच पाण्याने विसळून घ्यावी, नळ काही मिनिटं वाहू द्यावा आणि मग भरावी. सोसायटीच्या टाकीतला एकच नमुना नेऊन भागत नाही. टाकीत सकाळी महापालिकेचं पाणी येतं, दुपारी बोअरचं, मे महिन्यात टँकरचं. बोअर वेगळी, टँकर वेगळा, टाकी वेगळी, असे तीन नमुने न्यावेत.

१३

तांबट आळीत एक जुना बंब दुरुस्तीला आलेला. बुडाशी गळत होता, म्हणून तांबटाने सांधा उकलला होता. बाहेरून चिंचेने घासून लखलखीत. आत, मधल्या निखाऱ्यांच्या नळीभोवती, बोटभर जाड पांढरं कवच. खाली, जिथे आच लागते, तिथे सर्वांत जाड. वर पातळ होत गेलेलं.

ज्या घरातला तो बंब, त्या घरात आधी कसबा पेठेतलं पाणी होतं. मग कुटुंब गावाबाहेर बोअरच्या पाण्यावर गेलं. किती वर्षं कुठे काढली, ते कवच मोजून सांगता येईल का, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

१४

इसवी सन ८० च्या सुमारास रोमनांनी आयफेलच्या डोंगरातून कोलोन शहरापर्यंत ९५ किलोमीटरचा पाण्याचा पाट बांधला. डोंगर चुनखडकाचे. पाटाच्या भिंतींवर थर साचत गेला, काही ठिकाणी वीतभर जाड. रोमन गेले, पाट बंद पडला. मध्ययुगात लोकांनी तो थर करवतीने कापून काढला आणि पॉलिश करून चर्चमध्ये खांब, पायऱ्या, थडग्यांच्या फरश्या म्हणून वापरला. आयफेल संगमरवर म्हणून तो डेन्मार्कपर्यंत गेला.

आमच्याकडचा भंगारवाला जी.आय. पाइप काट्यावर ठेवण्याआधी जमिनीवर आपटून आतला थर झाडून टाकतो. दगडाचे पैसे तो देत नाही.

१५

मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं. पाऊस पडतो, साठतो, नळाने येतो. खडकात राहायला त्याला वेळच मिळत नाही. मुंबईहून इथे वाघोलीला राहायला आलेल्या शेजारणीने पहिल्याच महिन्यात तीन शॅम्पू बदलले. शॅम्पूंचा दोष नव्हता.

पुणेकरांचं मूळ पाणी खडकवासल्याचं, तेही असंच मृदू. एकाच शहरात दोन पाणी आहेत, आणि सीमारेषा महापालिकेच्या नकाशावर नाही, नळांच्या जाळ्यांवर दिसते.

१६

साबणाचा फेस येत नाही तेव्हा साबण कॅल्शियमशी लढण्यातच संपत असतो. दोघांचा मिळून चिकट चोथा होतो, तो बादलीच्या काठाला, मोरीच्या फरशीला आणि केसांना बसतो.

ॲबर्डीनमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी जडपणा साबणानेच मोजला : बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचं द्रावण थोडंथोडं घालून हलवायचं, फेस टिकेपर्यंत किती लागलं ते बघायचं. जड पाण्यात चुना घालून जडपणा कमी करण्याचं पेटंट त्यांनी १८४१ साली घेतलं. चुना काढायला चुनाच. घातलेला चुना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतो, मग दोन्ही चुने एकत्र तळाशी बसतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत ही रीत अजून आहे. घरी करू नये.

१७

कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी इतकं मृदू, की साबण धुतला गेला की नाही, कळतच नाही. तिथे तक्रार वेगळी. पाणी किंचित आम्ल असतं, पाइपच्या आत थर बसून संरक्षण मिळत नाही, आणि लोखंडी पाइप आतून खाल्ला जातो. पितळी तोटीखाली बेसिनवर हिरवट-निळा ओघळ उतरतो.

म्हणजे अगदी थोडा जडपणा पाइपला हवासा असतो.

१८

सोसायटीचे सफाई कामगार बाथरूमसाठी ‘ॲसिड’ आणतात, पाच लिटरच्या कॅनमध्ये, लेबल नसलेलं. डाग निघतात. सोबत टाइल्सच्या फटींतलं सिमेंट निघतं, नळाचं क्रोमियम निघतं, खालचं पितळ उघडं पडतं, आणि उघड्या पितळेवर पुढचा थर आणखी लवकर धरतो. हातात मोजे नसतात, खिडकी बंद असते.

आणि हे प्रत्येक घरात लिहून लावावं : ॲसिडवर ब्लीच कधीही ओतू नये. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो माणसाचा जीव घेऊ शकतो.

१९

सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं. कोमट पाण्यात दोन चमचे घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावं, पिशवी शॉवरला रबरबँडने बांधून रात्रभर ठेवावी. सकाळी भोकं मोकळी होतात. नळाची जाळी वाटीत भिजत घालावी. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. मातीतून पाण्याने उचललेला वायूच तो, दगडातून सुटून परत हवेत जातो.

संगमरवरी ओट्यावर मात्र हे सांडू देऊ नये. ओटाही त्याच दगडाचा आहे.

२०

वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हानसाइट जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहे. ते ज्या पोकळ्यांत सापडतं, त्यांत त्याच्या सोबतीला स्टिलबाइटसारखे झिओलाइट असतात. झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्सने पाणी मृदू करायला कृत्रिम झिओलाइट वापरले : पाण्यातलं कॅल्शियम ते स्वतःकडे ठेवून घेतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. घरगुती सॉफ्टनरचा जन्म तिथला. पुढे झिओलाइटच्या जागी रेझिनचे मणी आले, पण अदलाबदल तीच. कपडे धुण्याच्या कित्येक पावडरींत झिओलाइट अजून असतं, कॅल्शियम बाजूला ठेवायला.

खाणीच्या रस्त्यावरून टँकर जातात.

२१

सॉफ्टनर बसवणाऱ्याला विचारायचे प्रश्न, कारण तो आपणहून सांगत नाही :

रेझिन ताजं करायला मीठ किती लागेल? ते खारं पाणी शेवटी कुठे जाणार? (आमच्या सोसायटीत ते सांडपाणी प्रकल्पातून बागेत गेलं. अनंताच्या पानांच्या कडा करपल्या, मग कळलं.) स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ वेगळा ठेवता येईल का? घरात कोणाला मीठ कमी खायला सांगितलं असेल, तर हा प्रश्न आधी.

सॉफ्टनरने टी.डी.एस. कमी होत नाही. बसवल्यावर लोक मीटर लावून बघतात आणि फसवणूक झाली असं समजतात. जडपणा मोजावा.

२२

पाइपभोवती बांधायचं चुंबक, रसायनाशिवाय क्षारमुक्ती. स्वतंत्र प्रयोगांत याचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. तेवढ्या पैशांत बरीच वर्षं पुरेल इतकं लिंबूसत्त्व येतं.

२३

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. तिथलं पट्टामुंडाई हे प्लंबरांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं, प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही तिथे आहे. गाव नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, सगळीकडे पाणी. इथे आल्यावर पहिल्यांदा पाइपमध्ये दगड पाहिला, असं तो सांगतो.

त्याच्या हाताखाली आता बीडची दोन मुलं शिकतात. त्यांना दगडाचं काही नवल नाही. वायसर कुठला लावायचा आणि पाना किती आवळायचा, एवढंच ती विचारतात.

२४

मूतखडा जड पाण्यामुळे होतो, असं सगळे ठामपणे सांगतात. संबंध इतका सरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. पाणी कमी पिणं हे खड्याचं मोठं कारण. चव मचूळ लागते म्हणून माणूस पाणी कमी पितो, हे मात्र मी पाहिलं आहे.

२५

पार्किंगच्या स्लॅबमधून बारीक पांढरे सुळके लोंबतात. टोकाला थेंब. तो बोअरचा क्षार नाही. गळणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा तिथेच दगड होतो. खाली उभ्या गाडीच्या रंगावर थेंब पडला तर डाग उठतो. सुळके मोडून उपयोग नाही, वरची गळती शोधावी लागते.

२६

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअर गावोगावी गेली. तिने माणसं जगवली, हे आधी लिहायला हवं. पुढे खोली वाढत गेली. जितकं खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं, आणि बहुधा तितकं जड. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलेल्या सोसायट्यांत दिवाळीच्या सुमाराचा नमुना मे महिन्यातल्या नमुन्याशी ताडून पाहावा. फरक किती, हे प्रत्येक जागी वेगळं.

२७

सोलर हीटर घेताना : सपाट पत्र्याच्या प्रकारात पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं. जड पाण्यात त्या आतून भरतात आणि साफ करणं अवघड जातं. काचेच्या नळ्यांच्या प्रकारात थर बसतो, पण नळी काढून धुता येते. बोअरचं पाणी असेल, तर काचेच्या घ्याव्यात.

२८

आर.ओ.चं सोडलेलं पाणी फरशी पुसायला वापरतात. वाया जाऊ नये ही भावना चांगली. पण झिल्लीने अडवलेला सगळा जडपणा त्याच पाण्यात असतो. काळ्या कडाप्प्यावर चार दिवसांत पांढरी झाक येते. कमोडमध्ये ओतावं.

२९

बाथरूम नव्याने करणार असाल तर. टाइल्स लावण्याआधी भिंतीतल्या सगळ्या लाइनींचा फोटो काढून ठेवा, शेजारी टेप धरून, मापं दिसतील असा. गिझरच्या दोन्ही जोडांना युनियन लावून घ्या, म्हणजे साफ करायला उतरवताना पाइप कापावा लागत नाही. आत येणाऱ्या लाइनीवर वेगळा कॉक हवा. गिझर छताच्या इतका जवळ टांगू नका की वरच्या जोडापर्यंत हात पोचणार नाही, आणि खाली कॉइल बाहेर ओढता येईल एवढी मोकळी जागा ठेवा. कंत्राटदार म्हणेल, दिसायला चांगलं दिसत नाही. लावून घ्या.